बुणग्यांचं काय करायचं?

आमच्या गटात अब्दाली व्हायला कुणी तयार नसतं. चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. ज्याच्या वाट्याला गिलच्यांची, म्हणजे अफगाणांची, फौज येते तो पहिला अर्धा तास खुर्चीत असा अवघडून बसतो, की याला कुणी भावकीच्या खटल्यात खोटी साक्ष द्यायला आणलंय असं वाटावं. मग त्याच्या सुतरनाळा, म्हणजे उंटांवरच्या हलक्या तोफा, चालायला लागतात, समोरच्या हुजुरातीची, म्हणजे पेशव्यांच्या खास फौजेची, एक तुकडी मागे हटते, आणि तोच माणूस मोजपट्टी उचलून अर्ध्या इंचासाठी तावातावाने भांडायला लागतो. संक्रांतीच्या आसपासच्या एखाद्या रविवारी पाचपाखाडीतल्या आमच्या हॉलमध्ये हे चालतं. सहा फूट बाय चार फुटांच्या प्लायवर पानिपत मांडलेलं असतं, दिवाण भिंतीला सरकवलेला असतो, आणि सासूबाई मधूनमधून स्वयंपाकघरातून येऊन विचारतात, "विश्वासराव आहे का अजून?"

हा छंद फोनवर समजावून सांगता येत नाही. 'चाळिशीतली बाई शिपाई घेऊन खेळते' एवढंच ऐकणाऱ्याच्या डोक्यात शिरतं. तर प्रकार असा. बोटाच्या एक-दोन पेरांएवढे शिपाई असतात, काही धातूचे, बरेचसे प्लास्टिकचे, हल्ली थ्रीडी प्रिंटरवर काढलेलेही. ते आपणच रंगवायचे, पट्ट्यांवर चिकटवून तुकड्या करायच्या. कुठल्या तुकडीने किती इंच चालायचं, किती इंचांवरून गोळी लागते, किती मार खाल्ला की पाय लटपटतात, याचे नियम छापलेले असतात. उरलेलं सगळं फाशांवर. बुद्धिबळात घोड्याला अडीच घरं म्हटलं की तो अडीचच घरं जातो. इथल्या घोडेस्वाराला थांब म्हटलं तर तो थांबेलच असं नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

यातला खेळण्याचा भाग थोडा, तयारीचा फार. ही तयारी ठाण्याच्या हवेत करायची म्हणजे वेगळंच शास्त्र. पावसाळ्यात प्रायमरचा स्प्रे मारायचाच नाही. हवेतल्या ओलीने रंग शिपायावर पोचेपर्यंत बिघडतो आणि चेहऱ्यावर रवाळ थर बसतो. मॅट वार्निश मारलं तर अख्खी पलटण पांढुरकी पडते. त्यामुळे आमची रंगकामाची सुगी नवरात्रापासून होळीपर्यंत, आणि पावसाळा नियम लिहिण्यासाठी व बोर्ड गेमसाठी राखलेला. परदेशी रंगांच्या बाटल्या सुंदर असतात, पण गारद्यांच्या, म्हणजे कवायती पायदळाच्या, डगल्याला शाळेतल्या कॅमलच्या ॲक्रिलिकवर काही अडत नाही. दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेला कारखाना आपल्या पलटणींना पुरेसा आहे. रंग पातळ करून दोन हात द्यायचे, घाई करायची नाही. जमिनीसाठी चहाचा चोथा उन्हात वाळवून ठेवायचा, उंच गवतासाठी नारळाची शेंडी. डोंगर थर्माकोलचे. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा गणपतीच्या मखरवाल्यांबरोबर आम्हीही हवालदिल झालो होतो. सुदैवाने फ्रीज आणि टीव्हीच्या खोक्यांतून अजून डोंगर येतात. सोसायटीत कुणाकडे नवा फ्रीज आला की आमचा वॉचमन मला आधी सांगतो.

पैशाचं बोलायचं तर, बाहेरून मागवलेल्या शिपायांचं पार्सल खेळणी म्हणून अडलं की डोळे पांढरे होतात. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. आमच्यातल्या वकिलाला नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपचं वॉरहॅमर फोर्टी थाउजंड आवडतं, म्हणजे १९८७ पासून चालत आलेलं ते चाळीस हजार सालानंतरचं अंतराळयुद्ध. त्याच्या एकेका रणगाड्याची किंमत ऐकून त्याची आई म्हणाली होती, "खरा येईल रे तेवढ्यात." मला स्वतःला अंतराळातलं काही रुचत नाही. त्या शिपायांचे खांदे त्यांच्या डोक्यांपेक्षा मोठे असतात आणि सगळे सतत ओरडत असतात.

माझी सुरुवात मात्र नौपाड्यातल्या चाळीतली, दिवाळीच्या किल्ल्यांची. दगडमातीचा ढीग, त्यावर भिजवलेलं गोणपाट, अळिवाचं शेत, सिंहासनावर महाराज आणि पायऱ्यापायऱ्यांवर मातीचे मावळे. मुलींना अळीव पेरायला देत, बुरुज रचायला देत नसत, तरी मी एक बुरुज रचलाच. इतक्या वर्षांनी एक गोष्ट मला चमत्कारिक वाटते. आमच्या कुठल्याही किल्ल्यासमोर शत्रू नसायचा. तोफा असायच्या, त्यांची तोंडं जिन्याकडे असायची, पण जिन्यात कुणी नसे. कुंभाराकडेच मुळात शत्रू मिळत नसे. क्वचित कुठे अफजलखानाचा देखावा असेल, तोही पडलेल्या अवस्थेत. लढाया म्हणजे आपल्याच बाजूच्या गोष्टी, अशा समजुतीत आम्ही लहानाचे मोठे झालो, आणि चिठ्ठीत अब्दाली निघाल्यावर चेहरा पडतो त्याचं मूळ तिथेच असावं.

जर्मन लोकांनी सुरुवातच शत्रूपासून केली. राइसविट्झ नावाच्या प्रशियन गृहस्थाने १८१२ साली आपल्या राजाला टेबलावरचा युद्धखेळ दाखवला. त्याच्या सैन्यात असलेल्या मुलाने तो सुधारून १८२४ मध्ये नियम छापले. एकास आठ हजार प्रमाणाचा नकाशा, लाल आणि निळे ठोकळे, फासे, आणि मधे एक पंच. दोन्ही बाजूंनी आपापले हुकूम लिहून पंचाकडे द्यायचे आणि शत्रूचं जेवढं दिसायला हवं तेवढंच पंचाने दाखवायचं. अधिकाऱ्यांना आज लाल, उद्या निळा व्हावं लागे. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला लोळवल्यावर इतर देशांच्या सैन्यांनीही हा खेळ उचलला. तो दिवाणखान्यात नेला त्यात एच. जी. वेल्स यांचा मोठा वाटा. शिशाचे शिपाई आणि लाकडी गोळी उडवणारी स्प्रिंगची तोफ घेऊन मोठ्या माणसांनी जमिनीवर कसं खेळावं, याचं पुस्तक त्यांनी १९१३ मध्ये काढलं. खरं युद्ध करण्यापेक्षा हे करा, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा त्या आग्रहाचं काय झालं ते सांगायला नको.

आमच्याकडे खेळायला सासूबाईही बसतात, पण फक्त बोर्ड गेमना. मेंढीकोट आणि बदाम सात यांवर पोसलेला हा हात. कॅटान हा क्लाउस टॉयबर या डेंटल टेक्निशियनने रचलेला जर्मन खेळ १९९५ मध्ये आला. बेटावर वस्त्या करायच्या, लाकूड, विटा, गहू, मेंढ्या आणि धातू यांची देवाणघेवाण करायची. नियम सांगून होईपर्यंत सासूबाईंनी बाजाराचा अंदाज घेतला होता. "एका मेंढीला दोन विटा? ठेव तुझ्या विटा तुझ्याकडेच." दोन फाशांवर सात सगळ्यांत जास्त पडतो, छत्तीसात सहा वेळा, आणि सात पडला की चोर येतो, म्हणून हातात सातापेक्षा जास्त पत्ते साठवायचे नाहीत, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्या जिंकतात तेव्हा काही बोलत नाहीत, फक्त चहा टाकायला उठतात. मला यात टॉयबरचं कौतुक आहेच, पण जांभळी नाक्यावर त्यांनी भाजीवाल्यांशी घातलेल्या वादांचं जास्त आहे.

शिपायांचे खेळ त्या खेळत नाहीत. "त्यात मरतात," म्हणतात.

दोन्ही प्रकार खेळणाऱ्याला हळूहळू दिसायला लागतं की खेळाचा प्राण फाशांत नसतो, मोजपट्टीतही नसतो. नियमांच्या शेवटच्या पानावर एक छोटा परिच्छेद असतो: विजय कशाला म्हणायचं. तो बदला, खेळ बदलतो. जीएमटी या अमेरिकन कंपनीने २०१९ मध्ये भारताच्या स्वातंत्र्यलढ्यावर 'गांधी' नावाचा खेळ काढला. त्यात ब्रिटिश राज, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि क्रांतिकारक अशा चार बाजू आहेत, आणि चौघांच्या जिंकण्याच्या व्याख्या वेगवेगळ्या. एकाच पटावर एकाला हवं ते दुसऱ्याच्या हिशेबात धरलेलंच नसतं. आमच्याकडे हा खेळ झाला की पट आवरल्यावरही रात्री उशिरापर्यंत फोनवर वाद चालू राहतो.

असईच्या लढाईत ही अडचण येत नाही. आजच्या जालना जिल्ह्यातलं हे गाव, तारीख २३ सप्टेंबर १८०३. शिंदे-भोसल्यांची फौज मोठी, तोफा शंभराच्या आसपास, पायदळाचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा. समोर संख्येने कितीतरी कमी फौज घेऊन इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. वाटाड्यांनी सांगितलं, केळणा नदीला पायी ओलांडायला उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं तर दोन काठांवर समोरासमोर दोन गावं. माणसं राहतात म्हणजे येण्याजाण्याची वाट असणार, एवढ्या तर्कावर त्याने फौज पाण्यात घातली आणि ती वाट निघाली. टेबलावर हे दाखवायला आम्ही उताराची जागा पाकिटात बंद ठेवतो. पण जिंकण्याची व्याख्या सरळ आहे: दिवस मावळताना मैदान कुणाचं. पोलमनने तोंडावरची अख्खी रांग काटकोनात वळवली, तोफखान्यातले लोक मेल्याचं सोंग करून पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून पाठीमागून तोफा चालवू लागले. हे सगळं खेळात आणता येतं आणि आणलं की मजा येते. वेलस्लीची दीड हजारांवर माणसं पडली किंवा जखमी झाली, आमचीही होतात. माझ्या मते मराठ्यांच्या लढायांतली टेबलासाठी सगळ्यांत चांगली लढाई हीच. पण बोलवा कुणाला असई खेळायला! सगळ्यांना पानिपतच हवं असतं.

पानिपताला पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण सदाशिवरावभाऊसाठी सल्ला घेऊनच येतो. गनिमी कावा का केला नाही, सुरजमल जाटाचं ऐकून बायकामुलं आणि जड सामान मागे का ठेवलं नाही, असं सगळं घरून पाठ करून. आमचा खेळ मात्र १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी सुरू होतो. सल्ल्यांची वेळ तोवर टळलेली असते. ऑक्टोबरात भाऊने कुंजपुरा घेतला, त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून आला आणि दिल्लीची वाट तुटली. मग छावणीला वेढा, दाणा नाही, वैरण नाही. म्हणून आमच्या नियमांत अफगाण घोडदळ एका फेरीत बारा इंच जातं आणि मराठ्यांचं आठ. आमच्यातल्या बँकवाल्याने हा आकडा ठरवला तेव्हा दोघे जण त्याच्यावर चिडले होते, त्याने खरोखरच कुणाचा दाणा तोडल्यासारखे.

मराठ्यांना गोल करून बाहेर पडायचं असतं. डावीकडे पुढे तोफा आणि इब्राहिमखानाचे गारदी, मधे हुजुरात, उजवीकडे शिंदे आणि होळकर, आणि गोलाच्या पोटात बुणगे, म्हणजे फौजेबरोबर आलेली न लढणारी माणसं. बुणग्यांसाठी आमच्याकडे शिपाई नाहीत. एका जुन्या बोर्ड गेममधले पिवळे लाकडी ठोकळे आम्ही वापरतो. ते फेरीला चार इंच सरकतात आणि त्यांना सोडायचं नसेल तर गोलही चार इंचच सरकतो.

पहिल्या मसुद्यात विजयाचा परिच्छेद असईचाच उचलला होता: शत्रूची फौज मोडा किंवा आपली वाचवा. वकील भाऊ झाला. पहिल्याच फेरीत त्याने ठोकळ्यांकडे पाहिलं, मग मोजपट्टीकडे, आणि ठोकळे तिथेच टाकून सगळं घोडदळ दिल्लीच्या दिशेने काढलं. अफगाण ठोकळ्यांवर पडले, लुटीत अडकले, वकील टेबलाच्या कडेला पोचला. नियमाप्रमाणे तो जिंकला. "कायदेशीर आहे," तो म्हणाला, आणि होतंही कायदेशीर.

फिजिओथेरपिस्ट बाई नवीन होत्या. त्यांनी विचारलं, "हे पिवळे म्हणजे नक्की कोण?" बँकवाल्याने यादी सांगितली. कुरुक्षेत्राच्या स्नानाची आस धरून आलेले यात्रेकरू, कारकून, सराफ, मोतद्दार, आचारी, बायका, पोरं. मी म्हटलं, त्या छावणीत मी असते तर पिवळ्यांतच असते, माझ्या हाती जरीपटका कुणी दिला नसता. वकील म्हणाला, "हे भावनिक झालं." मी म्हटलं, भावनिक नाही, हिशेबाचं आहे, ज्याचे गुण नाहीत तो ठोकळा पटावर ठेवलाच कशाला? हा वाद त्या दिवशी मिटला नाही. पुढचे कित्येक दिवस मी ऐरोलीला जाताना लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने त्याला लांबलचक निरोप लिहीत होते.

शेवटी परिच्छेद बदलला. जेवढे ठोकळे दक्षिणेकडच्या कडेपर्यंत पोचतील तेवढे मराठ्यांना गुण, आणि फौज मोडण्यापेक्षा हे गुण भारी. बाकी एकही नियम हलवला नाही. त्यानंतर जे टेबलावर होतं ते बघण्यासारखं असतं. घरून सल्ले पाठ करून आलेला माणूस भाऊ होतो आणि निमूटपणे गोल करून चार-चार इंच चालायला लागतो. वेळ मिळावा म्हणून गारद्यांना अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांवर घालतो. गारदी चांगले लढतात. मग गोलाच्या कडेवरच्या घोडदळाला, विंचूरकर आणि गायकवाडांना, राहवत नाही. थांब म्हटल्यावर थांबतील की नाही यासाठी फासा टाकावा लागतो. नाही थांबले की ते उधळून इब्राहिमखानाच्या तोफांच्या पुढ्यात जातात आणि तोफा गप्प बसतात. अब्दाली दुपारपर्यंत राखीव फौजेला हात लावत नाही, कारण आमचा नियमच त्याला लावू देत नाही. दुपारी ती फौज सुटते. भाऊच्या खुर्चीतला माणूस तेव्हा कुणाचाच सल्ला ऐकायच्या मनःस्थितीत नसतो.

मल्हाररावाचं तर आम्हाला अपेक्षितच नव्हतं. होळकर खेळणाऱ्याने वेळेत काढता पाय घेतला तर त्याच्याबरोबर चार-सहा ठोकळे निघतात, आणि बहुतेक वेळा मराठ्यांना मिळतात ते एवढेच गुण. तो थांबला आणि मर्दासारखा लढला तर भोपळा. बँकवाला जन्मभर मल्हाररावाला नावं ठेवत आला आहे. एकदा तोच होळकर झाला. बरोबर वेळ साधून ठोकळे घेऊन बाहेर पडला आणि गुण मोजताना कुणाच्या नजरेला नजर देईना. मी त्याला पुरणपोळी वाढली. यावरून मल्हाररावाचा निवाडा होतो असं मी म्हणत नाही. नियम आम्हीच लिहिलेत, पाच माणसांनी, एका पावसाळ्यात. इतिहासकार दफ्तरं वाचून लिहितो, आम्ही चहा पीत. पण पुस्तक वाचताना भाऊवर रागावणं मला आता पूर्वीइतकं सोपं जात नाही.

सध्या टेबलावर ठाणं आहे. १७३७ साली चिमाजीअप्पांच्या साष्टीच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाण्याचा कोट घेतला, तेव्हा पोर्तुगीजांचं बांधकाम अजून पुरं व्हायचं होतं. दोन वर्षांनी वसई पडली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी तोच कोट मराठ्यांकडून घेतला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. त्यामुळे आमच्या खेळाचं मैदान घरापासून रिक्षाच्या अंतरावर असूनही आत जाऊन बुरुज मोजता येत नाहीत. वकील पक्षकारांना भेटायला जातो, पण त्याला मोजपट्टी नेता येत नाही. बुरुज जुन्या नकाशांवरून करतोय, फ्रीजच्या खोक्यातले. अडलंय ते खाडीवर. भाचीने पहिल्या मसुद्यात भरती-ओहोटीसाठी दर फेरीला एक फासा ठेवला होता. चेंदणी कोळीवाड्यात वाढलेल्या माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीने ते वाचलं आणि हसली. भरतीवर कसला फासा टाकता? तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, आणि बाराला सुकती. खाडीत आत पाणी चढायला थोडा उशीर धरा, झालं. आम्ही तो फासा काढून टाकला आहे. आता होड्या कोटाला किती वाजता लागू शकतील ते तिथीवर ठरणार, आणि तिथी काढायला वकिलाने कुठूनतरी जुन्या तारखांची जंत्री आणली आहे. येत्या रविवारी सासूबाई ती घेऊन बसणार आहेत. पाण्यात कुणी मरत नसेल तर, एवढी त्यांची अट आहे.